“मीं कांहीं केलें नाहीं”

गेल्या मार्गशीर्षांतील गोष्ट. जळगांवास एका आप्ताच्या घरचें लग्नकार्य आटोपून आम्ही उभयतां धुळ्यास परत येत होतों. कापसाचे दिवस होते आणि वेळ दिवेलागणीची होती. एरंडोल व पारोळें मागें पडलें होतें. गाडी मी हांकीत होतों, असें म्हणण्याची वहिवाट आहे. परंतु खरें सांगावयाचें तर गाडी आपली आपण चालली होती व मी तिच्यांत बसलों होतों. चिरंजीवांच्या आग्रहास्तव घेतलेल्या या नव्या गाडींत पुढील वाहनापासूनचें अंतर राखून वेग आपोआप कमीजास्त करणारी, आंखलेल्या पट्ट्याबाहेर गाडी जाऊं लागली तर स्टिअरिंग हलकेंच वळवून तीस पुन्हा आंत आणणारी, आणि टक्कर होणार असें दिसतांच स्वतः ब्रेक लावणारी, अशा तीन योजना आहेत. तिन्ही चालू होत्या. पाय मोकळे होते, हात स्टिअरिंगवर नुसते टेकले होते, आणि मी सौभाग्यवतींकडे तोंड करून आहेरांत आलेल्या एका साडीविषयींचें त्यांचें मत ऐकत होतों.

इतक्यांत गाडीनें जोराचा आचका दिला व ती जवळजवळ जागच्या जागीं थांबली. समोर कापसानें शिगोशीग भरलेली आणि मागें एकहि दिवा नसलेली एका ट्रॅक्टरची ट्रॉली शेतवाटेनें महामार्गावर चढत होती. तिच्या व आमच्या मध्यें दोन हातांचें अंतर राहिलें असेल. यंत्रानें आम्हांस वांचविलें, असें मनांत येतें न येतें तोंच मागून धडक बसली. एक मोटारसायकल आमच्या गाडीवर आदळली होती. सुदैवानें कोणाच्या प्राणावर बेतलें नाहीं. पण त्या तरुणाचें उजवें मनगट मोडलें. ट्रॉली आपल्या मागें काय घडलें याची वार्ता नसल्याप्रमाणें अंधारांत निघून गेली.

लोक जमले. “काय झालें?” असें कोणीतरी विचारलें, आणि माझ्या तोंडून जें पहिलें वाक्य बाहेर पडलें तें हें: “मीं कांहीं केलें नाहीं.” रस्त्याच्या कडेस मनगट धरून बसलेला तो तरुण मान खालीं घालून म्हणाला, “चूक मनीच शे, सर.” कायद्याच्या दृष्टीनेंहि त्याचें म्हणणें बरोबर होतें, मागून येणारानें पुढील वाहनापासून पुरेसें अंतर ठेवलें पाहिजे. पोलीस आले, त्यांनींहि तसेंच लिहून घेतलें. त्या तरुणास इस्पितळांत पोंचवून आम्ही उशिरां घरीं आलों.

मी सुटलों होतों. परंतु त्या रात्रीं झोंप येईना, आणि माझेंच वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकूं येऊं लागलें. बचाव म्हणून उच्चारलेलें तें वाक्य अक्षरशः खरें होतें. ब्रेक मीं लावला नव्हता, ट्रॉली मीं पाहिली नव्हती, मागें कोण येत आहे याकडे आरशांतून एकदांहि नजर टाकली नव्हती. मीं खरोखरच कांहीं केलें नव्हतें. आणि नेमका हाच माझ्यावरील आरोप होता. डोळे रस्त्यावर असते तर ती ट्रॉली मला शंभर पावलांवरून दिसली असती, मीं वेग हळूहळू कमी केला असता, आणि मागच्या तरुणासहि सावध होण्यास अवसर मिळाला असता. यंत्रानें शेवटच्या क्षणीं जें केलें तें निर्दोष होतें. शेवटचा क्षण येऊं दिला तो मीं.

ही गोष्ट माझ्या घरापुरती असती तर ती वाचकांपुढें मांडण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु ज्यांस ‘अॅडास’ या संक्षिप्त नांवानें ओळखतात तीं हीं चालकसहाय्यक यंत्रें २०२१ च्या सुमारापासून आपल्या देशांतील मध्यम किंमतीच्या मोटारींतहि येऊं लागलीं. मोठ्या प्रवासी व मालवाहू गाड्यांस आपोआप लागणारा ब्रेक, पट्टा सुटल्याची सूचना आणि चालकाच्या झांपडीची सूचना हीं बंधनकारक करण्याचा मसुदा केंद्र सरकारनें २०२५ सालीं प्रसिद्ध केला. ज्या देशांत २०२२ या एका सालीं १,६८,४९१ माणसें रस्त्यावर मरण पावलीं, तेथें अशा यंत्रांचें स्वागतच केलें पाहिजे. यंत्र वाईट, असें मला म्हणावयाचें नाहीं. तें नसतें तर हा लेख लिहावयास मी बहुधा उरलों नसतों. माझा प्रश्न निराळा आहे. जें काम पूर्वीं मनुष्य करी तें यंत्र करूं लागल्यावर त्या कामाची जबाबदारीहि यंत्राकडे जाते काय? आणि यंत्रास तर तुरुंगहि नाहीं व पश्चात्तापहि नाहीं. मग ती जबाबदारी जाते तरी कोठें?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. आमचे आजोबा कापसाची गाडी जिनिंगमध्यें रिकामी करून रात्रीं गांवाकडे परत निघत. कासरा हाताला गुंडाळला, अंगावर घोंगडी ओढली, कीं गांवच्या वेशीशीं बैल थांबेपर्यंत त्यांस जाग येत नसे. वाट बैलांस ठाऊक होती. खान्देशांतील हजारों गाडीवान असेच घोरत घरीं गेले असतील. त्यांस कोणी बेजबाबदार म्हटलें नाहीं, आणि तें योग्यच होतें. कारण बैलाचा वेग माणसाच्या चालण्याएवढा. खड्डा समोर आला तर बैल धन्यासाठीं नव्हे, पण स्वतःच्या पायांसाठीं थांबे. आजच्या यंत्रास मोडावयास पाय नाहींत. आणि ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत २२ मीटर जमीन तोडते. म्हणजे डुलकीची किंमत वेगाबरोबर वाढते.

पण त्या काळींहि एक गोष्ट घडे, ती ध्यानांत घेण्यासारखी आहे. एकदां आजोबा निजले असतां बैल वाट सोडून कोणाच्या तरी उभ्या ज्वारींत शिरले. सकाळीं शेतमालक दारांत आला. आजोबांनीं बैलांकडे बोट दाखविलें नाहीं. बैल माझे व झोंपहि माझी, एवढेंच म्हणून त्यांनीं ज्वारी मापून दिली. त्यांनीं तत्त्वज्ञानाचा एक ग्रंथ वाचला नव्हता. अमळनेरास १९१६ सालीं स्थापन झालेलें तत्त्वज्ञान मंदिर त्यांनीं बाहेरूनच पाहिलें होतें. मी मात्र इंग्रजी विद्येचा पदवीधर, आणि माझ्या तोंडून पहिलें वाक्य निघालें तें बैलांकडे बोट दाखविणारें!

असें कां व्हावें? याचें एक कारण आपल्या भाषेंतच सांपडतें, असें मला वाटूं लागलें आहे. आपल्या वृत्तपत्रांतील अपघातांच्या बातम्या पाहाव्या. ‘काळाचा घाला’ हें शीर्षक जणूं छापून ठेवलेलें असतें. खालीं वाक्यें येतात तीं अशीं: चालकाचा ताबा सुटला, टायर फुटला, ब्रेक निकामी झाले. मी भाषेचा अध्यापक असल्यामुळें माझें लक्ष क्रियापदांकडे जातें. सुटला, फुटला, झाले हीं सारीं अकर्मक क्रियापदें आहेत. ताबा सोडला असें कोणी लिहीत नाहीं. पिकलेला आंबा देंठांतून सुटावा तसा तो आपोआप सुटतो. ४ जुलै २०२३ रोजीं आमच्या धुळें जिल्ह्यांत, शिरपूर तालुक्यांतील पळासनेर येथें, मुंबई-आग्रा महामार्गावर एक कंटेनर वाहनांस ठोकरीत रस्त्याकडेच्या हॉटेलांत शिरला आणि निदान १० माणसें मृत्युमुखीं पडलीं. ब्रेक निकामी झाल्यामुळें हें घडलें, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. त्या विशिष्ट प्रकरणाचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाहीं. मी केवळ त्या वाक्याविषयीं बोलतों. ब्रेक हे कोणत्याहि वाहनांत कोणीतरी बसविलेले, कोणीतरी तपासावयाचे, कोणीतरी वेळेवर बदलावयाचे असतात. ‘निकामी झाले’ असें म्हटलें कीं हे सारे ‘कोणीतरी’ वाक्यांतून नाहींसे होतात. आतां या जुन्या वाक्यांच्या रांगेंत एक नवें वाक्य येऊन बसणार आहे: ‘यंत्राला दिसलें नाहीं.’

यावर कोणी म्हणेल कीं, सर्व दोष चालकाच्या माथीं मारणें हीसुद्धां एक पळवाटच आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला आपल्याच परंपरेंत भक्कम आधार आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कोणत्याहि कर्माचीं पांच कारणें सांगितलीं आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. केवळ कर्ता एकटाच सर्व करतो असें मानणाऱ्याची दृष्टि तेथें सदोष ठरविली आहे. महामार्गावरील अपघातास हें वर्गीकरण इतकें चपखल लागूं पडतें कीं आश्चर्य वाटावें. रस्ता हें अधिष्ठान, चालक हा कर्ता, वाहन व त्यांतील यंत्रें हें करण, वळणें, थांबणें, ओलांडणें ही चेष्टा. आणि दैव? तें आहेच, पण तें यादींत पांचवें आहे. आपण बातमींत त्यास पहिलें करतों, आणि बहुधा तेथेंच थांबतों.

अधिष्ठानाचेंच घ्या. पूर्वीं ६ व आतां ५३ या क्रमांकानें ओळखला जाणारा आमचा महामार्ग कित्येक वर्षें जळगांव शहराच्या ऐन वस्तींतून, शाळकरी मुलें व सायकली यांच्यामधून, अवजड वाहनें नेत राहिला. त्याला समांतर रस्ते व्हावेत म्हणून तेथील नागरिकांस आंदोलनें करावीं लागलीं. त्या काळांत तेथें जीं माणसें चिरडलीं गेलीं त्यांच्या मृत्यूस केवळ कोणा एका ट्रकवाल्याची डुलकी कारण होती, असें म्हणणें हें न्यायाचें विडंबन होईल. कायद्यानेंहि हें अलीकडे मान्य केलें आहे. पण कोणत्या प्रमाणांत, तें पाहावें. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत १९८-अ हें कलम आलें. रस्त्याची आंखणी, बांधणी किंवा देखभाल ठरल्या प्रमाणाप्रमाणें न केल्यामुळें कोणी मेला, तर संबंधित ठेकेदार वा अधिकारी यांस त्यान्वयें जास्तींत जास्त १ लाख रुपये दंड होऊं शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेंत मात्र निष्काळजीपणानें मृत्यु घडविणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत कैद आहे. एकाच मृत्यूबद्दल स्टिअरिंगवरच्या माणसास तुरुंग, आणि रस्ता चुकीचा बांधणारास दंडाची पावती! दिवसरात्र गाडी हांकणारा पोटभरू चालक आणि त्यास तशी हांकावयास लावणारा मालक यांमध्येंहि हाच न्याय चालत आला आहे.

करण म्हणजे यंत्र. तेथेंहि तोच प्रकार दिसतो. अमेरिकेंतील आरिझोना संस्थानांत १८ मार्च २०१८ च्या रात्रीं उबर कंपनीच्या एका स्वयंचलित गाडीनें, सायकल हातांत धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीस ठार केलें. ती गाडी प्रयोगावस्थेंत होती. यंत्रानें त्या स्त्रीस कांहीं सेकंद आधींच टिपलें होतें. परंतु हें वाहन आहे, सायकल आहे कीं आणखी कांहीं, याचा त्यास निर्णय होईना. गाडींत देखरेखीसाठीं बसविलेली व्यक्ति खालीं फोनकडे पाहत होती. पुढें तिनें गुन्हा कबूल केला व २०२३ सालीं तिला ३ वर्षें देखरेखीखालीं राहण्याची शिक्षा झाली; कंपनीवर मात्र फौजदारी खटला भरला गेला नाहीं. उलट २०२५ च्या ऑगस्टांत फ्लॉरिडांतील एका दिवाणी खटल्यांत ज्यूरीनें निराळा मार्ग धरला. तेथील चालक यंत्रावर भिस्त ठेवून, पडलेला फोन उचलावयास वांकला होता, आणि त्याच्या गाडीनें रस्त्याकडेस उभ्या असलेल्या एका तरुणीचा बळी घेतला. ज्यूरीनें ६७ टक्के दोष चालकाचा व ३३ टक्के दोष टेस्ला कंपनीचा ठरविला. ज्या यंत्रावर डोळे मिटून विसंबण्याचा मोह ग्राहकास होईल अशा रीतीनें तें बनविणारा व विकणारा निर्मळ राहूं शकत नाहीं, हा त्याचा मथितार्थ. आणि तो मला पटतो.

परंतु येथेंच एक घोंटाळा होतो, आणि माझ्या मतें सर्व प्रश्नाचें मर्म याच ठिकाणीं आहे. ६७ आणि ३३ मिळून १०० होतात. पैशाच्या भरपाईस हें गणित आवश्यक आहे, कारण थैली एकच असते व ती कोणीतरी वांटून भरावयाची असते. आपण मात्र नकळत तेंच गणित नीतीस लावतों. कंपनीचा दोष ३३ टक्के ठरला कीं माझा तितका उतरला. ट्रॉलीला दिवा नव्हता, म्हणून माझा आणखी कांहीं कमी झाला. मागच्याचा वेग जास्त होता, म्हणून माझा शून्यावर आला! कर्तव्य ही अशी वांटून घ्यावयाची भाकरी नव्हे. ट्रॉलीला दिवा लावण्याचें कर्तव्य ट्रॉलीवाल्याचें होतें, आणि तें पुरतें त्याचें होतें. अंतर राखण्याचें कर्तव्य पुरतें त्या तरुणाचें होतें. रस्त्याकडे पाहण्याचें कर्तव्य पुरतें माझें होतें. त्यांनीं आपापलें मोडलें म्हणून माझें जें मोडलें तें सांधलें जात नाहीं. न्यायाधीशास दोषाचे हिस्से करावे लागतात. आपण स्वतःचा विचार करतांना न्यायाधीशाची तागडी हातांत घेण्याचें कारण नाहीं.

आतां यंत्रासंबंधीं माझें कर्तव्य नेमकें कोणतें, हें पाहूं. ‘यंत्र चालू असलें तरी सदैव सावध राहा,’ असें गाडीच्या पुस्तिकेंत बारीक अक्षरांत छापलेलें असतें. हें वाक्य लिहिण्यास सोपें आहे. १९४८ सालीं मॅकवर्थ या इंग्रज मानसशास्त्रज्ञानें, रडारच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्या सैनिकांच्या कामाचा विचार करून, कांहीं प्रयोग प्रसिद्ध केले. घड्याळासारख्या तबकडीवर फिरणारा कांटा क्वचित् केव्हांतरी दुप्पट उडी घेई. ती उडी हेरावयाची, एवढेंच काम होतें. अर्ध्या तासांतच पाहणाऱ्यांच्या चुका लक्षणीय रीतीनें वाढल्या. क्वचितच चुकणाऱ्या वस्तूवर पहारा ठेवणें मनुष्यस्वभावास फार जड जातें. म्हणून ‘यंत्र सर्व करील, तूं फक्त लक्ष ठेव,’ असें म्हणणें म्हणजे पहारेकऱ्यास गादीवर निजवून जागें राहावयास सांगणें होय. असें सांगणारा कारखानदार दोषी आहेच. पण ही आपली दुर्बलता ज्यास कळली, त्या चालकावर तर अधिकच बंधन येतें.

माझ्या गाडींतील तीन योजनांचा मीं या दृष्टीनें पुन्हा विचार केला, तेव्हां त्यांत दोन जाती दिसल्या. आपोआप लागणारा ब्रेक हा राखणदार आहे. मी माझें काम करीत असतां चुकलों तर तो धांवून येतो. एरवीं तो दिसतहि नाहीं. वेग व पट्टा सांभाळणाऱ्या योजना या चाकर आहेत. त्या माझें काम माझ्या हातांतून घेतात आणि मला रिकामें करतात. राखणदार ठेवल्यानें माणूस आळशी होतोच असें नाहीं. चाकरांच्या हातीं घर सोंपवून मात्र पुष्कळ घरें बुडालीं आहेत. ब्रिटनमध्यें २०२४ सालीं झालेल्या कायद्यानें येथें एक स्वच्छ रेषा आंखली आहे. स्वयंचालक म्हणून रीतसर मान्यता मिळालेलें यंत्र गाडी चालवीत असतां तिच्या चालीचा जाब मान्यता घेणाऱ्या संस्थेस द्यावा लागेल, आंत बसलेल्यास नाहीं. ज्यानें कर्तृत्व घेतलें त्यानें दायित्वहि घ्यावें, हें न्याय्य आहे. परंतु आपल्या रस्त्यांवर आज विकल्या जाणाऱ्या गाड्या त्या कोटींतील नव्हेत. त्यांतील यंत्र सहाय्यक आहे. आणि ‘सहाय्यक’ या शब्दाचा अर्थच असा कीं, मुख्य दुसरा कोणीतरी आहे.

आपण मात्र सहाय्यकास मुख्य करतों, किंवा तो कटकट करूं लागला तर त्याचें तोंड दाबतों. दोन्ही गोष्टी एकाच वृत्तीच्या आहेत. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत, पट्टा न बांधल्यास आणि वेग ८० च्या वर गेल्यास वाजणारी घंटी सक्तीची झाली. त्यावर आपल्या बाजारानें काय उपाय काढावा? पट्ट्याच्या खांचेंत नुसती खोंचून घंटी गप्प करणारी एक लहानशी क्लिप! तिचा खप एवढा झाला कीं, २०२३ सालीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास पांच मोठ्या ऑनलाइन दुकानांविरुद्ध आदेश काढावे लागले. सदसद्विवेकबुद्धीची टोंचणी बंद करणारी वस्तु दुकानांत मिळत नाहीं, असें आम्ही लहानपणीं शिकलों होतों. ती आतां मिळूं लागली होती.

अपघातानंतर आठ-दहा दिवसांनीं मी त्या तरुणाच्या घरीं गेलों. मुकटीच्या अलीकडे त्याचें गांव. हात प्लास्टरमध्यें होता. तो कापूस वेंचणीच्या दिवसांत घरीं बसला होता, आणि घरांतील बायामाणसें दुप्पट राबत होतीं. मला पाहतांच तो उठून उभा राहिला व पुन्हा तेंच बोलूं लागला कीं, चूक त्याचीच होती. त्याच्या वडिलांनीं माझ्यासाठीं चहा मागविला. त्यांच्या आदरातिथ्यानें माझें संकट अधिकच वाढलें. अखेर मी म्हणालों, “तुमची चूक झाली असेल, पण माझीहि झाली. मी रस्त्याकडे पाहत नव्हतों. ब्रेक मीं लावला नाहीं, तो गाडीनें लावला. मीं पाहिलें असतें तर गाडी अशी एकाएकीं थांबली नसती.”

तरुण गोंधळून माझ्याकडे पाहूं लागला. त्याच्या वडिलांनीं मात्र थोडा वेळ विचार केला आणि शांतपणें म्हटलें, “म्हंजे गाडी थांबनी, तुम्ही नहीं.”

त्यांच्या स्वरांत राग नव्हता. हिशेब समजून घेणाऱ्या शेतकऱ्याचा स्वर होता तो. औषधपाण्याचा व बुडालेल्या मजुरीचा भार मीं उचलावा, एवढें आमचें ठरलें. त्यास ते बऱ्याच आग्रहानंतर राजी झाले. पैशाचा प्रश्न तेथें मिटला. परत येतांना मीं वेगाची व पट्ट्याची योजना बंद केली. ब्रेकची तेवढी राहूं दिली. पारोळ्याकडून येणाऱ्या ट्रॉल्या एकामागून एक समोरून जात होत्या. कांहींच्या मागें दिवे होते, कांहींच्या मागें नव्हते. त्या साऱ्या मला दिसत होत्या.